दाताचे किटण आणि साठलेले पाणी

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात १६८३ साली पन्नाशीचा एक कापडवाला राहत होता. दातांच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. रोज सकाळी मिठाने दात घासायचे, चूळ भरायची, जेवणानंतर दातकोरण्याने दाढांच्या फटी साफ करायच्या आणि वर कापडाने दात पुसून घ्यायचे, हा त्याचा नेम होता. त्यामुळे त्या वयातही त्याचे दात चारचौघांपेक्षा स्वच्छ आणि भक्कम होते. तरीही मोठे दाखवणाऱ्या आरशात पाहिले, की दाढांच्या मधे भिजवलेल्या पिठासारखा पांढरट लगदा उरलेला दिसे.

एके दिवशी त्याने तो लगदा खरवडून काढला. तो पातळ करायला पाणी हवे होते. त्याने पावसाचे पाणी घेतले. पण ते मिसळण्याआधी त्या पाण्यात काही सजीव नाही ना, हे भिंगाखाली तपासून घेतले. मग त्यात किटण मिसळून पाहिले, तेव्हा असंख्य चिमुकले जीव त्यात वळवळताना दिसले. काही भाल्यासारखे सरळ सुटत होते, काही भोवऱ्यासारखे फिरत होते, काही चिलटांच्या थव्यासारखे घोटाळत होते.

हा माणूस म्हणजे अँटनी व्हान लेव्हेनहूक. जिवाणू सर्वप्रथम पाहणारा म्हणून त्याचे नाव शाळेच्या पुस्तकातही असते. मात्र त्याच्या नोंदींमधल्या दोन साध्या गोष्टी मागे पडल्या. एक, स्वच्छ पाणी साठून राहिले की त्यात सूक्ष्मजीव दिसू लागतात. दुसरी, थर करून राहणारे सूक्ष्मजीव सुट्या सूक्ष्मजीवांसारखे सहज मरत नाहीत. दंतवैद्याच्या खुर्चीला जोडलेल्या बारीक नळीत आज या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून हे आयुष्य त्या अंगाने पाहण्यासारखे आहे.

कापडाच्या दुकानातून

लेव्हेनहूकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्टमध्ये झाला. वडील टोपल्या विणत. आई बिअर गाळणाऱ्या घराण्यातली. तो लहान असतानाच वडील वारले. सोळाव्या वर्षी त्याला अ‍ॅमस्टरडॅमला कापडाच्या पेढीवर उमेदवारीसाठी धाडण्यात आले. तिथे तो हिशेब लिहायला आणि कापड पारखायला शिकला. १६५४ मध्ये गावी परतून त्याने लग्न केले, घर घेतले आणि स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. विद्यापीठाचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. त्या काळी विद्वानांचा सगळा व्यवहार लॅटिनमध्ये चाले आणि त्याला डच सोडून दुसरी भाषा येत नव्हती.

१६६० मध्ये त्याला नगराच्या कचेरीत नोकरी मिळाली. काम म्हणजे दालन उघडायचे, स्वच्छ ठेवायचे, शेकोटी पेटवायची आणि पुन्हा बंद करायचे. पगार बरा होता आणि वेळही भरपूर उरत होता. पुढे जमीन मोजणीची परीक्षा तो उत्तीर्ण झाला आणि नंतर दारूच्या पिंपांचे माप तपासणारा अधिकारीही झाला. मोजमाप हा त्याच्या अंगात मुरलेला गुण होता. चित्रकार व्हर्मीर त्याच्याच गावचा आणि त्याच साली जन्मलेला. व्हर्मीरच्या निधनानंतर त्याच्या कर्जबाजारी घराचा हिशेब निस्तरण्याचे काम नगराने लेव्हेनहूककडेच सोपवले.

संसारात मात्र त्याने पुष्कळ सोसले. पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली आणि १६६६ मध्ये पत्नीही गेली. पुढे त्याने दुसरे लग्न केले. ती पत्नीही त्याच्याआधीच वारली. मारिया अखेरपर्यंत वडिलांजवळ राहिली.

कापडाचे धागे मोजायला व्यापारी भिंग वापरत. लेव्हेनहूक त्यापुढे गेला आणि स्वतःच भिंगे घडवू लागला. त्याचे सूक्ष्मदर्शक आजच्या यंत्रासारखे नव्हते. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पट्ट्या, त्यांच्या मधे दाण्याएवढे एकच भिंग, समोर एक टोकदार सुई आणि ती पुढेमागे करायला स्क्रू. तळहातात मावणारे हे उपकरण डोळ्याला अगदी भिडवून उजेडाकडे धरायचे. पातळ पदार्थ असेल तर तो काचेच्या बारीक नळीत भरून सुईला चिकटवायचा. त्याने आयुष्यात पाचशेहून अधिक भिंगे घडवली. आज शिल्लक असलेल्यांपैकी एक वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते. त्याच्या काळात दुसऱ्या कोणाकडे असे भिंग नव्हते.

१६७३ मध्ये डेल्फ्टमधले डॉक्टर रेग्निए द ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याच्याविषयी पत्र लिहिले. तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे लेव्हेनहूक त्या संस्थेला डच भाषेत पत्रे पाठवत राहिला. त्याने ना पुस्तक लिहिले ना प्रबंध. त्याचे सगळे संशोधन या पत्रांतूनच जगापुढे आले.

पाण्यात काय आहे?

डेल्फ्टपासून दोन तासांच्या वाटेवर एक तळे होते. हिवाळ्यात त्याचे पाणी नितळ असे, उन्हाळ्यात पांढुरके होई आणि त्यात हिरवे ढग तरंगू लागत. हे दव पडल्यामुळे होते, असे आसपासचे लोक समजत. १६७४ मध्ये लेव्हेनहूकने ते पाणी काचेच्या बाटलीत आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरले. त्यात सापाच्या वेटोळ्यासारखे हिरवे धागे होते आणि त्यांच्यामधून नाना आकारांचे जीव फिरत होते. ज्या पाण्याला लोक फक्त गढूळ म्हणत होते, ते सजीवांनी भरलेले होते.

मग त्याने पाण्याचा पिच्छाच पुरवला. पावसाचे पाणी, नदीचे पाणी, अंगणातल्या विहिरीचे पाणी, श्वेनिंगेनच्या किनाऱ्यावरचे समुद्राचे पाणी, असे सगळे त्याने तपासले. पावसाच्या पाण्याबाबत तर त्याने आजच्या प्रयोगशाळेला शोभेल अशी काळजी घेतली. छपरावरून येणारे पाणी टाळले, स्वच्छ भांडे उघड्यावर ठेवले, पहिले पाणी फेकून दिले आणि नंतरचे धरले. ताज्या पाण्यात त्याला काहीही दिसले नाही. तेच पाणी काही दिवस तसेच ठेवून रोज पाहिले, तेव्हा त्यात जीव दिसू लागले आणि दिवसागणिक त्यांची संख्या वाढत गेली. म्हणजे पाणी सुरुवातीला स्वच्छ होते. भांड्यात साठून राहिल्यावर ते बदलले होते.

१६७६ मध्ये मिरे तिखट का लागतात, हे शोधण्यासाठी त्याने ते पाण्यात भिजत घातले. तिखटपणाचे कारण सापडले नाही. मात्र त्या पाण्यात त्याला इतके बारीक जीव दिसले, की असे शंभर शेजारी शेजारी मांडले तरी वाळूच्या एका कणाची लांबी भरणार नाही, असा हिशेब त्याने मांडला. आपण त्यांना जिवाणू म्हणतो. ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रात त्याने हे सगळे लंडनला कळवले.

तिथे कोणाचा विश्वास बसेना. कापडवाल्याला भास झाला असावा, अशी शंका घेतली गेली. लेव्हेनहूकने गावातल्या धर्मगुरू, नोटरी अशा आठ जणांना आपल्या भिंगातून ते जीव दाखवले आणि त्यांच्या सहीची प्रमाणपत्रे पाठवली. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी लंडनमध्ये मिऱ्याच्या पाण्याचा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि सभासदांनाही ते जीव दाखवले. १६८० मध्ये सोसायटीने या कापडवाल्याला आपला सभासद करून घेतले. तिच्या सभेला तो कधीच गेला नाही. डेल्फ्टमध्ये बसून पत्रे लिहीत राहिला.

व्हिनेगरची चूळ

१७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात त्याने दाताच्या किटणाविषयी लिहिले. स्वतःच्या दातांवर तो थांबला नव्हता. दोन स्त्रिया, आठ वर्षांचे एक मूल आणि जन्मात कधी दात न घासलेला एक म्हातारा, अशा सगळ्यांच्या दातांवरचा थर त्याने तपासला. म्हाताऱ्याच्या किटणात इतके जीव होते, की सगळे पाणीच हलते आहे असे वाटे. माणसाच्या एका तोंडात जेवढे जीव असतात, तेवढी माणसे आपल्या अख्ख्या देशात नाहीत, या निष्कर्षाला तो आला.

त्याच पत्रातला एक प्रयोग आजच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. किटण पाण्यात कालवून त्यात व्हिनेगर घातले, की सगळे जीव तत्काळ मरत. मग त्याने कडक व्हिनेगर तोंडात धरले, दातांवरून खळखळवले, पाण्याने चूळ भरली आणि किटण पुन्हा खरवडून पाहिले. जीव जिवंतच होते. व्हिनेगर थराच्या वरच्या भागापुरते पोचले. आत मुरले नाही, असा अर्थ त्याने लावला.

सुमारे नऊ वर्षांनी त्याला आणखी एक गोष्ट दिसली. समोरच्या दातांवरच्या किटणात जिवंत जीव सापडेनासे झाले. त्याने विचार केला, तेव्हा रोज सकाळी आपण कढत कॉफी पितो, हे त्याच्या लक्षात आले. मात्र मागच्या दाढांच्या फटीत, जिथे कॉफीची धग पोचत नव्हती, तिथे ते जीव पूर्वीसारखेच हालचाल करत होते.

घरातला एखादा हंडा किंवा माठ चार दिवस न घासता नुसता विसळून भरत राहिले, की आतून हाताला बुळबुळीत लागते. आत ओतलेले पाणी स्वच्छ असले, तरी तो थर विसळल्याने जात नाही, घासावाच लागतो. दातांवरचे किटणही तसेच. सूक्ष्मजीव पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्यात वस्ती करतात. बाहेरचे औषध त्या आवरणात पुरेसे शिरत नाही आणि आतल्या जीवांची वाढही मंदावलेली असल्याने त्यांच्यावर औषधाचा परिणाम कमी होतो. याला आज बायोफिल्म म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्रात हा विषय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. लेव्हेनहूकने त्याची खूण त्याआधी सुमारे तीनशे वर्षे टिपून ठेवली होती.

गुपित

त्याची कीर्ती वाढली, तशी त्याच्या घरी रीघ लागली. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टला आला, तेव्हा लेव्हेनहूकने त्याला ईल माशाच्या शेपटीतला रक्तप्रवाह दाखवला. १७०२ मध्ये त्याने छपराच्या पन्हळीत सुकलेल्या गाळावर पाणी टाकले आणि त्यातले जीव पुन्हा हालचाल करू लागल्याचे पाहिले. कोरडे पडले म्हणजे जीव संपले, असे समजण्यात अर्थ नाही, हे त्यातून दिसले.

एका बाबतीत मात्र तो कमालीचा हात राखून वागला. आपली उत्तम भिंगे त्याने कोणाला दिली नाहीत, विकली नाहीत आणि ती कशी बनवतो, हे सांगितलेही नाही. सूक्ष्म जीव पाहण्याची आपली खास पद्धत त्याने स्वतःपाशीच ठेवली. शिष्य तयार केले नाहीत. पाहुण्यांना साधी भिंगे दाखवून तो परत पाठवी.

वयाच्या नव्वदीत तो पोटाच्या वरच्या भागातल्या झटक्यांनी आजारी पडला. श्वासपटलाचे स्नायू आपोआप आकसण्याचा तो दुर्मीळ विकार होता. त्याचेही बारकाईने निरीक्षण करून त्याने लंडनला कळवले. त्या विकाराला आज त्याचेच नाव आहे. २६ ऑगस्ट १७२३ रोजी तो वारला. चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक एका पेटीत घालून सोसायटीला द्यावेत, अशी त्याची इच्छा होती. मारियाने ती पाळली. पुढे ती पेटीही गहाळ झाली. उरलेली भिंगे मारियाच्या मृत्यूनंतर १७४७ मध्ये लिलावात गेली.

त्याच्यासारखी भिंगे आणि त्याच्यासारखी चिकाटी दुसऱ्या कोणाकडे नसल्यामुळे हे काम मंदावले. या जीवांचा रोगांशी संबंध असेल, असे त्याने स्वतःही सुचवले नव्हते. तो संबंध पाश्चर आणि कॉख यांनी सिद्ध केला, तेव्हा एकोणिसावे शतक निम्म्याहून अधिक सरले होते.

खुर्चीला जोडलेली नळी

१९५० च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यांच्या हाती हवेवर चालणारे अतिवेगवान ड्रिल आले. त्या वेगाने दात तापतो, म्हणून ड्रिलच्या टोकाशी पाण्याचा फवारा असतो. दात स्वच्छ करण्याच्या स्केलिंगच्या यंत्रातही पाणी लागते. हे पाणी खुर्चीतून येणाऱ्या, आतून जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळीतून येते. १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या एका संशोधकाने या पाण्यात जिवाणू असल्याचे प्रथम नोंदवले.

कारण लेव्हेनहूकच्या भांड्यातलेच होते. नळी इतकी बारीक असल्याने पाण्याच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग फार मोठा असतो. मध्यभागी पाणी सरकते, पण भिंतीलगत ते जवळजवळ थबकलेले असते. रात्रभर आणि रविवारी तर सगळेच पाणी नळीत स्थिर राहते. त्यामुळे काही दिवसांतच आत बायोफिल्मचा थर बसतो आणि त्याचे तुकडे सुटून फवाऱ्यात येतात. नळीवर काही उपाय केला नाही, तर एका मिलिलिटरमधली जिवाणूंची संख्या लाखांच्या घरात जाऊ शकते. साध्या उपचारांसाठी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने ठरवलेली मर्यादा ५०० आहे. पूर्वीच्या यंत्रांत ड्रिल थांबताना रुग्णाची थोडी लाळही उलटी नळीत ओढली जाई. ती रोखणारी झडप नव्या यंत्रांत असते. पण तीही चालू स्थितीत आहे का, हे तपासावे लागते.

निरोगी माणसाला या पाण्याने सहसा काही होत नाही. पण वृद्ध, फुप्फुसाचा आजार असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण आणि लहान मुले यांचे तसे नसते. २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांची एक स्त्री लिजिओनेला जिवाणूच्या न्यूमोनियाने दगावली. तिच्या शरीरातला जिवाणू आणि तिच्या दंतवैद्याच्या नळीतला जिवाणू एकच निघाला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम शहरात दुधाच्या दातांवर उपचार घेतलेल्या मुलांच्या जबड्यांत क्षयरोगाच्या जंतूच्या जातकुळीतल्या एका जिवाणूचा संसर्ग झाला. तो नळीच्या पाण्यातून आला होता. काही मुलांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि कायमचे दातही गमवावे लागले.

पाण्याच्या वेगळ्या बाटलीत शुद्ध पाणी भरले, की झाले, असा अनेकांचा समज असतो. बाटलीतले पाणी कितीही शुद्ध असले, तरी नळीतला थर तसाच राहतो. व्हिनेगरच्या चुळीने किटण जात नाही, त्यातलाच हा प्रकार. सकाळी काम सुरू करताना पाणी काही मिनिटे वाहू देणे आणि प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद नळी वाहती ठेवणे उपयोगाचे आहे. त्याने सुटलेले जंतू आणि उलटी आलेली लाळ वाहून जाते. पण थर काढायचा, तर यंत्राच्या उत्पादकाने सांगितलेले जंतुनाशक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रमाणात आणि ठरलेल्या वेळेपुरते नळीत ठेवावे लागते. रात्री बाटली रिकामी करून कोरडी ठेवावी लागते. अधूनमधून पाण्याची तपासणी करून घ्यावी लागते. आणि दात काढताना हाड कापायचे असेल, इम्प्लांट बसवायचे असेल किंवा हिरडी उघडायची असेल, तर या नळीतले पाणी वापरायचेच नाही. निर्जंतुक सलाइन वेगळ्या साधनाने द्यायचे.

रुग्णाने घाबरून उपचार टाळू नयेत. किडलेला दात तोंडात ठेवण्याचा धोका या पाण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मधुमेह असेल, कर्करोगाचे औषध चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झाले असेल किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर ते दंतवैद्याला आधी सांगावे. नळी केव्हा आणि कशाने साफ करता, शस्त्रक्रियेला कोणते पाणी वापरता, असे सरळ विचारावे. आपल्या कामाची काळजी घेणाऱ्या दंतवैद्याला या प्रश्नाचा राग येत नाही. दिवसभर त्याच फवाऱ्याच्या तुषारात त्याला स्वतःलाही श्वास घ्यायचा असतो.

लेव्हेनहूकला जंतूंचा आणि रोगांचा संबंध ठाऊक नव्हता. निर्जंतुकीकरण हा शब्दही त्याच्या काळी नव्हता. तरीही दाताच्या किटणात पाणी मिसळण्याआधी त्याने ते पाणी तपासले होते. रुग्णाच्या तोंडात पाणी सोडण्याआधी एवढी तपासणी आजही व्हायला हवी.